कुकरच्या तीन शिट्ट्या

माझ्या नावावर एकच गाणं आहे. सून नवीन, कुकर नवीन, आणि शिट्ट्या मोजता मोजता बिचारीचा भात करपतो, असलं काहीतरी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीन शिट्ट्या. कॅसेटचा धंदा बसायला आला होता तेव्हा आम्ही ते शिरवण्यात एका मित्राच्या गाळ्यात रेकॉर्ड केलं, आणि पुढची दोन वर्षं ते वाजल्याशिवाय आमच्याकडे एक हळद गेली नाही. त्यानंतर मी चाळीसेक गाणी केली. ती कुणाला माहीत नाहीत. असो.

म्हणजे असो म्हणायचं, पण मनातून जात नाही ते. महाप्याच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. लिफ्टमध्ये शिरलो की मागून कुणीतरी तीन शिट्ट्या मारतंच. वडील गेले तेव्हा स्मशानात लाकडं देणारा माणूस मला न्याहाळत म्हणाला, "तुमी ते कुकरवाले ना?" हो म्हटलं.

म्हणूनच असेल, एका गाण्याची माणसं मला फार आवडतात. लहानपणी रेडिओवर एक बाई लागायची. आवाज असा की आई पीठ मळता मळता थांबायची. तेवढं एकच गाणं, मग बाई गायब. कॉलेजात होतो तेव्हा लांब केसांचा एक पोरगा टीव्हीवर वाळूत धावत गायचा. आम्ही सगळ्यांनी तसे केस वाढवले, आणि ते कापायची वेळ आली तोवर लोक त्याला विसरलेही. आता परवापरवा एक मावशी मासे साफ करता करता मोबाइलवर गायली, चार महिने जिकडे तिकडे तीच. या सगळ्यांची दुसरी गाणी मी हुडकून ऐकतो. बरी असतात हो. पण मुद्दाम कोण ऐकतंय?

गेल्या महिन्यात मुलीची हळद झाली. करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सकाळची. तिच्यासाठी मी गाणं लिहिलं होतं. शिरवण्यात राहायचो तेव्हा ती लहान होती, संध्याकाळी माझ्या कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभी असायची. माझा रिकामा डबा हिसकावून घ्यायची आणि घरापर्यंत तो बडवत यायची, त्याचं गाणं. दोन महिने घासत होतो. बायकोला म्हटलं, आयुष्यात एकदा माझं दुसरं गाणं कुणीतरी ऐकावं, आणि ते पोरीने ऐकावं, बस्स. मुलीलाही सांगून ठेवलं की नवीन म्हणणार आहे. "भारी, पप्पा!" म्हणाली.

बेंजोवाल्यांना चाल शिकवली. माइक घेतला. पहिलं कडवं झालं. बायका मुलीला घेरून हळद लावत होत्या, बाकी कुणी खुर्चीतून हललं नाही. पुढच्या रांगेतून माझी आत्या ओरडली, "नवीन नको रं, तेच म्हन!" बेंजोवाल्यांची एक सवय असते. लोक बसलेले दिसले की हातातलं सोडून चालणारं गाणं धरायचं. मला विचारलंही नाही त्यांनी. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडतोय तोच ते ओळखीचे सूर वाजले आणि अख्खा हॉल उठला. खुर्च्या बाजूला, शिट्ट्यांवर शिट्ट्या. मुलगी सगळ्यात पुढे नाचत होती. मग काय, गायलो. आवाज आता वर जात नाही, पण लोकच गातात, माझी गरज नसते.

संपल्यावर ती धावत आली. कानापर्यंत हळद, घामाने थबथबलेली, नुसती फुललेली पोरगी.

"पप्पा, काय मजा आली! पण तुम्ही नवीन म्हणणार होता ना? ते कधी?"

तिच्या कानावर गेलंच नव्हतं. एक अख्खं कडवं गायलो होतो मी, तिच्यापासून दहा हातांवर. फार थकल्यासारखं झालं मला. वाटलं सांगावं. पण तिचं तोंड बघितलं.

"राहिलं गं," म्हटलं.

"मग तेच होऊ दे ना परत!"

मी बेंजोवाल्यांना खूण केली, आणि पुन्हा भात करपवायला घेतला.