‘कर्ता कोण?’ विचारणारी प्रज्ञा

राहुलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. “ताई, प्रज्ञाला जासईजवळ ट्रेलरनं...” एवढंच बोलला. राहुल हा प्रज्ञाचा धाकटा भाऊ, आणि प्रज्ञा माझी बी.एड.पासूनची मैत्रीण. जासई माझं माहेर, त्यामुळे तो रस्ता मला पाठ आहे. पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला चर, भोवती ना पत्रे ना दिवा, आणि अंगाला घासून जाणारे कंटेनरचे ट्रेलर. शाळेतून करंजाड्याला घरी निघालेली प्रज्ञा अंधारात तो चर चुकवायला गेली, स्कूटर घसरली आणि मागून ट्रेलर आला. तिला जाऊन दीड महिना होत आला. माझा राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

बी.एड.च्या वेळी तिचं घर तुर्भ्यात, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत होतं. आईवडील परभणीकडून पोटासाठी आलेले. बी.एड.ला आम्हाला अलंकार शिकवायचे पाठ काढायला सांगत, आणि व्याकरणाच्या पुस्तकातली उदाहरणं पाहून ही वैतागायची. “त्या बिचारीचं मुख अजून किती वर्षं चंद्रासारखंच ठेवणार यार?” मग ती वाचनालयातून कादंबऱ्या उचलून आणायची. आवडलेलं एखादं वाक्य मोठ्यानं वाचायची, त्याची चाल कानात बसेपर्यंत वाचायची, पुस्तक मिटायची आणि त्याच चालीवर स्वतःचं वाक्य रचायची. एकदा तिला पायरी-पायरीनं मागे जाणारं वाक्य सापडलं. त्यावर तिनं लिहिलं, “धूर दिसायच्या आधी वास येतो, वास यायच्या आधी खोकला येतो, आणि खोकला यायच्या आधी आई खिडकी लावून घेते.” मी विचारलं, याला कुठला अलंकार म्हणायचं? म्हणाली, “नाव नंतर बघू. आधी हाताला कळू दे.”

मीही लिहायला लागले. आमच्या गावच्या जमिनी गेल्या त्यावर मी मोठ्या अभिमानानं वाक्य केलं, “विकासानं आमची शेतं गिळली.” प्रज्ञानं ते दोनदा वाचलं.

“कर्ता कोण?”

“विकास.”

“त्याला तोंड आहे? दात आहेत? मोजणी कोणी केली, सही कोणी केली, ते लिही ना. चेतनगुणोक्ती छान दिसते गं, पण तिच्या आड माणूस लपतो.”

मी चिडले. काही दिवस आम्ही बोललोसुद्धा नाही. पुढे शाळेत शिकवताना तिनं हीच पद्धत ठेवली. रविवारी करंजाड्याच्या घरी सोसायटीतली मुलं जमायची, आणि हॉलमध्ये बसून कादंबरीतल्या वाक्यांवर आपापली वाक्यं रचायची.

आणि अशा बाईच्या शोकसभेला शाळेच्या फाटकावर बॅनर लागला, ‘काळाचा क्रूर घाला’! संस्थेचे अध्यक्ष माइक धरून म्हणाले, “नियतीनं आमच्या बागेतलं फूल अकाली खुडलं.” माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

“सर, चर नियतीनं नाही खणला. ठेकेदारानं खणला.”

“मॅडम, ही ती वेळ नाही.”

“मग कुठली?”

त्यांनी लगेच सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मला गप्प करायला याहून सोयीचं काय असणार!

पोलीस ठाण्यात तेच. जबाबात हवालदारांनी लिहिलं, ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’. राहुल सही करेना. “तिचा ताबा सुटला नव्हता. चर उघडा होता, दिवा लावला नव्हता. ज्याचं काम होतं त्याचं नाव लिहा.” हवालदार म्हणाले, “अहो, असंच लिहितात सगळीकडे.” राहुल खुर्चीवरून हलला नाही, मीही हलले नाही. शेवटी ठेकेदाराचं नाव लिहिलं गेलं. अजून कोणाला साधं बोलावलेलंही नाही. चर मात्र अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बुजवला. तेव्हा जेसीबी होता, माणसं होती, साहेब होते. तेव्हा सगळे कर्ते हजर होते.

गेल्या रविवारी मी करंजाड्याला गेले. मुलं आपणहून आली होती आणि प्रज्ञाच्या जागेवर कोणी बसत नव्हतं. मीही नाही बसले. कपाटातून एक कादंबरी काढली आणि एकाच शब्दाला परत परत फिरून येणारं एक वाक्य वाचून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात प्रज्ञाची आई उभी होती. मावशी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण रविवारी लेकीचं शिकवणं दारातून ऐकायच्या. त्या आत येऊन मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मी सांगू का एक?”

मुलांनी पेनं उचलली.

“तिनं गाडी घेतली तवा मला भ्या वाटलं. ती गाडी शिकली तवा मला भ्या वाटलं. रोज नीट घरी यायला लागली, तवा माझं भ्या गेलं... तितंच चुकलं माझं.”

मुलं लिहीत होती. मी म्हटलं, “शेवटचं वाक्य कोणी लिहायचं नाही. त्यात कर्ता चुकलाय.” माझा आवाज एवढा चढला की सगळ्यांची पेनं थांबली. ज्यांनी लिहिलं होतं त्यांच्याकडून मी ते खोडून घेतलं.