खिशातला कांदा
ओल्या वाळ्याचा वास आला की मला नागपूरची ती मे महिन्यातली दुपार आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून पुण्याहून हिमालयात निघालो होतो. पुढची गाडी संध्याकाळची, म्हणून शहर बघायला लकडगंजपर्यंत पायीच गेलो, तेही उघड्या डोक्यांनी. रस्ते ओस पडले होते, डांबर चपलांना चिकटत होतं आणि मैत्रीण लालबुंद झाली होती. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या पाणपोईतून एक बाई ओरडल्या, "काहून वं पोरींनो, मराले निघाल्या का उन्हात?" त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं, माठातलं पाणी पाजलं, आमच्याच सॅकमधले पंचे भिजवून डोक्याला घट्ट बांधले आणि हातावर एकेक कांदा ठेवला. मैत्रिणीला सपाटून भूक लागली होती. तिने तो बुक्कीने फोडला आणि कराकरा खाऊन टाकला. "अवं, तो खायाचा नाही, खिशात ठेवाचा! ऊन लागत नाही त्यानं!" म्हणत बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि तिला दुसरा दिला. तो मात्र तिने थेट बर्फापर्यंत नेला. टाक म्हटलं तर ऐकेना. परवा, ऐन उन्हाळ्यात, ती लेकीकडे निघाली, आता एसी डब्याने. मी स्टेशनवर गुपचूप तिच्या पर्समध्ये कांदा सरकवला. गाडी हलली, तेव्हा बंद काचेआडून तिने तो मला उंच धरून दाखवला आणि भला मोठा आ केला.