हातभर दोर

माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं एका दोरावरून भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

विहिरीतली मोटार गाळात रुतली होती. हळद पाण्यावाचून वाळत चालली होती, म्हणून मोटार सोडवायला भाऊ स्वतः दोरावरून खाली उतरणार होता. दोर कळमनुरीच्या बाजारातून नवाकोरा आणलेला. मी हिंगोलीला कॉलेजात विज्ञान शिकवते. नेमकी त्याच दिवशी मी शेतात जाऊन थडकले.

"दोर पारखून घेतलास का?"

"व्हय. हातभर तुकडा कापून दोघांनी ताणला. न्हाई तुटला." त्यानं तो तुकडा माझ्या हातात दिला आणि दोर कमरेला बांधायला घेतला.

दोर तुटतो तो त्याच्या सगळ्यात कच्च्या जागी. हातभर तुकड्यात ती जागा सापडणार कशी? दोर जितका लांब, तितकी ती त्यात कुठंतरी असण्याची भीती जास्त. हे मी त्याला सांगितलं, अगदी ओरडून.

"ताई, इथं काय वर्ग घेऊन राहिली का? लाइट यायच्या आत मोटार काढायची हाय."

"आधी तुझ्याहून जड दगडांचं पोतं सोड. सगळ्या दोरावर ताण येऊ दे."

मी दोर धरून बसले. विहिरीवरची माणसं हसली. भावजय मात्र हसली नाही, रिकामं पोतं घेऊन आली आणि आम्ही दोघींनी ते दगडांनी भरलं.

पोतं खाली निघालं. कप्पी कुरकुरत होती. निम्मा दोर गेला, त्याहून जास्त गेला, काही झालं नाही. "झालं समाधान?" भाऊ म्हणाला, आणि तेवढ्यात दोर धरलेली माणसं उताणी पडली. खाली धाडकन आवाज झाला.

तुटली ती जागा दिसायला बाकीच्या दोरासारखीच होती. भावजयीनं भावाचा दंड घट्ट धरला. मला भयंकर राग आला होता आणि रडूही आवरत नव्हतं.

दुसरा दोर आणला, त्याला आधी पोतं लावलं, मगच भाऊ उतरला.

तो हातभर तुकडा आज गोठ्याच्या फाटकाला बांधलेला आहे. मी गेले की भाऊ हटकून तो ओढून दाखवतो. "बघ, अजून तुटला न्हाई. दोर चांगलाच होता, तूच लई दगड भरून तोडला."

मीही तावातावानं भांडते. त्याचा आवाज चढला की मला बरं वाटतं. भावजयीलाही वाटत असावं. ती आम्हाला कधी थांबवत नाही.