भावाचं दार सोडून

घनसावंगीच्या एका कॉलेजात रामेश्वर गणित शिकवायचा. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात तास नाहीत तर पगारही नाही. दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच कागद, पुन्हा तेच "बघू सर, यंदा जागा निघतील." दहाबारा वर्षं हे चाललं. सुरुवातीला गडी चिडायचा, घरी आदळआपट करायचा. मग चिडणंही बंद झालं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, हात लावला तर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. बायको सुरेखा म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी भांडा तरी कुणाशी." त्यावर तो म्हणायचा, "बरं."

बसस्टँडजवळ जिपा लागतात तिथं झुंबरलालशेठचं खता-बियाण्यांचं दुकान. शेठ आधी रोज छेडायचे, "काय मास्तर, पर्मनंट कधी?" पुढं त्यांनीच विचारणं सोडलं. चहा मात्र पाजायचे.

आता कॉलेज म्हटलं की पोरं आपसूक चालत येतात असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा मे महिन्यात आमच्या तालुक्यात यावं. भर उन्हात मास्तर लोक मोटारसायकलवर गावोगाव हिंडत असतात. ओट्यावर बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, "बारावी कोण झालं हो?" विचारायचं, आणि शेजारच्या कॉलेजवाल्याच्या आधी पोराची मार्कशीट ताब्यात घ्यायची. त्यात त्या वर्षी शिक्षणाचं नवं धोरण आलं. पहिल्या वर्षाला आल्या आल्या पोरानं एक मुख्य विषय निवडायचा, त्याला म्हणायचं मेजर. संस्थेनं सरळ सांगून टाकलं, गणिताला वीस पोरं मिळाली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे रामेश्वर घरी, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

तर रामेश्वरनं गोदाकाठची गावं पालथी घातली. ज्या घरी गेला तिथं एकच पाठ म्हटला, "गणित घ्या. बँक आहे, रेल्वे आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, गणितवाला उपाशी मरत नाही." खरं की खोटं हा प्रश्न त्याच्या मनात येतच नव्हता. तोंड बोलायचं आणि तो स्वतः पाण्याच्या तांब्याकडं बघत बसायचा.

फक्त एका दारात तो गेला नाही. थोरल्या भावाच्या, मच्छिंद्रच्या. आणि ते दार म्हणजे त्याच्या दाराला लागूनच, मध्ये एक भिंत. मच्छिंद्रची मनीषा त्याच वर्षी बारावी झाली होती आणि गणितात तिचे मार्क बघून लोक बोटं तोंडात घालत होते. मच्छिंद्रला हे फार लागलं. एक दिवस त्यानं भावाला अंगणातच गाठलं.

"सारा तालुका फिरला म्हणं तू. मह्याच दारात काटे पसरलेत का रे?"

"तसं न्हाई, दादा."

"मंग कसं? आमची पोर तुह्या कॉलेजात शोभायची न्हाई, असं म्हण की सरळ!"

रामेश्वरनं मोटारसायकल काढली आणि पुढच्या गावाला निघून गेला. मच्छिंद्रनं पुढं महिनाभर अबोला धरला.

प्रवेश झाले, आणि नव्या पोरांना विषयांची ओळख करून द्यायचा दिवस आला. हॉल भरला. रामेश्वर उभा राहिला आणि पाठ सुरू केला, बँक, रेल्वे, स्पर्धा परीक्षा. झोपेतून उठवलं असतं तरी एक शब्द इकडचा तिकडं झाला नसता. बोलता बोलता त्याची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तिथं मनीषा बसली होती! कुणी बोलवायला गेलं नाही म्हणून स्वतःच येऊन प्रवेश घेऊन बसलेली.

पाठ संपला तशी ती उठली. "सर, ते लेंड्यांचं सांगा ना."

हॉल खदखदून हसला. रामेश्वर हसला नाही.

ती गोष्ट अशी. त्याच्या बापाची, रायभानची, मेंढरं होती. रामेश्वर लहान असताना मेंढरांमागं बसून वाळल्या लेंड्यांशी खेळायचा. एक लेंडी ठेवली. तिच्या दोन बाजूंनी तीन ठेवल्या तर चौकोन झाला. त्याला पाच लावल्या, आणखी मोठा चौकोन. मग सात. विषम आकडे ओळीनं लावत गेलं की दर वेळी चौकोन बराबर भरतोय, एकही लेंडी कमी नाही की जास्त नाही! कुणी शिकवलं नव्हतं. आनंदानं वेडा होऊन तो बापाकडं पळत गेला, तर रायभान म्हणाला, "आधी हात धू." तेव्हापासून त्याला गणिताचा नाद. मनीषा चार-पाच वर्षांची असताना त्यानंच तिला अंगणात हे करून दाखवलं होतं.

त्यानं खडू उचलला. एक ठिपका काढला, मग तीन, मग पाच, मग सात. हॉल हळूहळू गप्प झाला. मागून एक जण बोलला, "आयला, बराबर भरून राह्यलंय!" रामेश्वरचा हात चालत होता. आत काहीच हललं नाही, पण हात मात्र थांबेना.

"गणित कोण कोण घेणार?" दारात उभ्या प्राचार्यांनी विचारलं. हात वर झाले. प्राचार्यांनी बोटानं मोजले, एकोणीस. तेवढ्यात मनीषाचा हात वर गेला आणि प्राचार्यांचा चेहरा खुलला.

"तू न्हाई," रामेश्वर म्हणाला.

स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

"काऊन?"

"तू नर्सिंगला जा, मने. नोकरी लागती."

पोरगी आज्याच्या वळणाची, मागं हटणारी नव्हे. "म्हणून आमच्या घरी आले न्हाई का, काका?"

मघाशी सर म्हणालेली, आता काका म्हणाली. खोटं बोलायचं त्याच्यानं झालं नाही. "व्हय. म्हणून."

"मंग ह्यांच्या घरी काऊन गेल्ते?"

तिनं हात फिरवला तशी त्यानं त्या पोरांकडं पाहिलं. प्रत्येकाच्या ओट्यावर तो बसला होता, प्रत्येकाच्या आईच्या हातचं पाणी प्याला होता. त्याला लाज वाटली. कानापर्यंत जाळ व्हावा अशी लाज. कित्येक वर्षांनी त्याला काही वाटलं, ते हे. त्यानं खडू खाली ठेवला, आणि वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

विषय बंद झाला. "काय केलंत हे सर!" प्राचार्य एवढंच म्हणाले. रात्री मच्छिंद्र भिंतीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे आधी सांगायचं असतंय, येड्या." जाताना डोळे पुसत गेला.

झुंबरलालशेठनी दुसऱ्या दिवशी चहा पाजता पाजता विचारलं, "मास्तर, आता दुकानात बसता का?" रामेश्वर म्हणाला, "बरं." तेव्हापासून तो गोण्या मोजून देतो, कुठलं औषध कशावर ते सांगतो. लोक अजून त्याला सरच म्हणतात, आणि त्याचं त्याला बरंही वाटत नाही की वाईटही.

मनीषानं नर्सिंगच्या फॉर्मला हातसुद्धा लावला नाही. जालन्याच्या कॉलेजात गणित घेतलं. रोज जाऊन-येऊन करते, संध्याकाळी जीप दुकानापुढंच थांबते.

एका संध्याकाळी खताला हीऽ गर्दी. मनीषा गिऱ्हाइकांतून वाट काढत आली आणि पुस्तक काउंटरवर पसरून बसली.

"काका, ह्या ओळीवरून खालच्या ओळीवर कसे आले? सर म्हणले, उघडच आहे. मला तर उघडं दिसून न्हाई राह्यलं."

रामेश्वरनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"उघड न्हाईच ते. मधलं गिळलंय त्यांनी."

फाटक्या पिशवीतून सांडलेले सोयाबीनचे दाणे त्यानं मूठभर उचलले आणि काउंटरवर मांडायला लागला.

"सर, युरिया द्या की जल्दी, जीप निघून राह्यली!" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"थांबा जरा!"

आवाज असा चढला की सारं दुकान गप्प झालं. शेठनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. काकाचं आणि पुतणीचं डोकं दाण्यांवर वाकलेलं होतं. शेठ उठले आणि युरियाची गोणी ओढायला स्वतःच गेले.