लंकेवाल्याचं लायसन्स

गळ्याला दोन बोटांची चिमूट लावायची, मान थोडी खाली घालायची आणि हळूच म्हणायचं, "मुसावादा, दादा." एवढं झालं की समजावं, हा माणूस आता आपल्याला गोत्यात आणणार.

शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कॉलनीतल्या विहारात दर रविवारी आम्ही पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि मुसावादा म्हणजे पालीत खोटं बोलणं. लहानपणापासून म्हणत आलोय, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण भर रस्त्यात, पोलीस समोर उभा असताना, कुणी हा शब्द माझ्या अंगावर टाकेल असं वाटलं नव्हतं.

माझं इंदिरानगरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. "क्लच, क्लच, अहो क्लच दाबा" करून करून आवाज चढा झालाय आणि डोकं तापायला वेळ लागत नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसून गाडी शिकला असाल तर जास्त सांगायला नको. अशा माणसाच्या नशिबी हा शिष्य यावा, याला काय म्हणायचं?

तो श्रीलंकेचा. तिकडच्या एका कांदा मागवणाऱ्या कंपनीने त्याला नाशकात ठेवला होता. सायखेड्याच्या, देवळ्याच्या खळ्यांवर जायचं, निवडलेला कांदा दाबून बघायचा, गाड्या भरून बंदरावर रवाना करायच्या, हे त्याचं काम. आल्या आल्या तो आमचं विहार शोधत आला आणि मागे चटईवर बसला. त्याला मराठी येत नव्हती, आम्हाला सिंहली येत नव्हती, इंग्रजी दोघांचीही लंगडी. पण पंचशील सुरू झालं आणि हा आमच्याबरोबर घडाघडा म्हणायला लागला. चाल वेगळी, शब्द तेच. माझी बायको तिथेच विरघळली. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती, ती तिने मला न विचारता त्याला देऊन टाकली. तो तिला अक्का म्हणायला लागला. त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात म्हणे.

मराठी तो खळ्यावर शिकला. हमाल आणि कांदा निवडणाऱ्या बाया, हे त्याचे मास्तर. त्यामुळे काही महिन्यांत साहेब असं बोलायला लागला, की डोळे मिटून ऐकलं तर समोर निफाडचा माणूस. दिसायलाही तसाच. सावळा, मिशी, चौकड्यांचा शर्ट, पायात चप्पल. आणि इथेच सगळा घोळ व्हायचा.

एका संध्याकाळी मला फोन आला. आमच्या नाशकातल्या द्वारका चौकाच्या अलीकडे नाकाबंदी होती, तिथून एक हवालदार बोलत होता. "तुमचा भाडेकरू आहे का हा? म्हणतो मी परदेशी आहे, परवाना तिकडचा आहे. आम्हाला दूधखुळे समजता का?"

मी स्कूटर काढून गेलो. हा गाडीला टेकून उभा. हवालदाराला समजावून सांगत होता, "इथला नाय साहेब मी. लय लांबचा हाय."

"ऐका," हवालदार मला म्हणाला. "लय लांबचा हाय. बोलतोय कसा बघा, आणि म्हणे परदेशी."

पासपोर्ट दाखवला. त्याचं नाव एका ओळीत मावत नव्हतं, ते वाचताना हवालदाराची दमछाक झाली. शेवटी देशाचं नाव दिसलं आणि त्याचा चेहरा खुलला. "लंकेचा? आणि नाशकात? सीतामाईला न्यायला आला की काय?"

"नाय साहेब," हा शांतपणे म्हणाला. "फक्त कांदा नेतो."

पुढे प्रत्येक नाक्यावर हाच विनोद आणि हेच उत्तर. नवा पोलीस, जुना विनोद. त्याला कधी राग आला नाही. मला मात्र दर वेळी यायचा. अरे, एखाद्या दिवशी तरी दुसरं काही सुचू द्या.

हळूहळू पोलीस त्याला ओळखायला लागले. लंकेवाले, कांदा काय म्हणतोय, असं विचारून सोडून द्यायचे. मला वाटलं, सुटलो बुवा. पण सुटणं आमच्या नशिबात नव्हतं. तिकडून आणलेला परवाना इथे वर्षभरच चालतो. मग इथलं लायसन्स काढावं लागतं. ती तारीख उलटून गेलेली, आणि कामाच्या गडबडीत ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या. मी ड्रायव्हिंग स्कूलवाला, हे वेगळं सांगायला नको.

एकदा मी त्याच्या शेजारी बसून येत होतो. नाकाबंदीला तोच द्वारकेचा हवालदार. त्याने परवाना हातात घेतला, न बघताच परत केला आणि म्हणाला, "जा, जा." मी काच वर करायला लागलो. हा परवाना उलटसुलट करून बघत होता. अचानक त्याने मान बाहेर काढली. "साहेब, तारीख संपली हाय याची."

हवालदार दोन पावलं पुढे गेला होता, तो परत आला. आधी त्याने परवान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, मी विचारलं का यांना?" तो मलाच म्हणाला, जणू माझाच गुन्हा. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी हवालदारच कंटाळला. "आजपासून चालवायची नाही. तुम्ही बसा व्हीलवर आणि यांचं लायसन्स काढा एकदाचं," असं मला सुनावून त्याने आम्हाला हाकललं.

घरी येईपर्यंत मी तोंडाचा पट्टा सोडला होता. तो ऐकत होता. मग ती चिमूट गळ्याला गेली. म्हणाला, "दादा, एक चूक झाली. आता लपवली तर दोन होतील."

आता मी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं की प्रवचनं ऐकायची? तुम्हीच सांगा.

कंपनीला कळल्यावर तिकडून निरोप आला. लाल कांदा बाजारात यायच्या आत लायसन्स हातात हवं. रोज इतक्या खळ्यांवर फिरायचं तर स्वतः गाडी चालवणारा माणूस पाहिजे. नाही जमलं तर नाशकात दुसरा येईल आणि याला इजिप्तला पाठवतील.

ही साधी बदलीची गोष्ट नव्हती. याचं लग्न झाल्यापासून तो कांद्यामागे देशोदेशी फिरत होता आणि बायको-पोरगी गावी. नाशिक ही पहिली जागा, जिथे त्याने त्यांना आणायचं ठरवलं होतं. आमच्या बायकोने तर सगळा संसारच मांडला होता. खोलीला पडदे शिवले, पोरीसाठी जवळच्या शाळेत विचारून आली. पोरगी रोज व्हिडिओ कॉलवर यायची. बापाने शिकवलं असणार, पहिला शब्द म्हणायची, "जय भीम, अक्का." आमची बायको तेवढ्यासाठी भाजी करपवायची.

म्हणून मी कंबर कसली. लर्निंग लायसन्स काढून दिलं. गाडी तो आधीच माझ्यापेक्षा बरी चालवायचा, तिथे शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला एकच गोष्ट शिकवत होतो. विचारलं तेवढंच बोलायचं. "नाव विचारलं, नाव सांगायचं. जास्तीचं एक अक्षर नाही. कळलं?" तो मान डोलवायचा. लर्निंगवर एकट्याने चालवता येत नाही, शेजारी लायसन्सवाला लागतो, म्हणून एक ड्रायव्हरही बघून दिला.

पक्क्या लायसन्सच्या टेस्टच्या आधीच्या आठवड्यात तो संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दादा, आज एकटा गेलो."

देवळ्याला कांदा भरून ट्रक उभा, बोट गाठायची, आणि ड्रायव्हर आलाच नाही, फोनही बंद. हा स्वतः गाडी घेऊन गेला आणि आला. मी पुष्कळ ओरडलो. मग म्हटलं, झालं ते झालं, कुणाला सांगू नकोस.

"विचारलं तर?"

"कोण कशाला विचारतंय?" मी म्हणालो.

टेस्ट त्याने छान दिली. रिव्हर्स, चढ, सगळं बिनचूक. तपासणारे साहेब खूश. त्यांनाही लंकेचं कौतुक, त्यांनीही तो विनोद केला, यानेही ते उत्तर दिलं. आजूबाजूची पोरं हसली. साहेब सही करायला वाकले आणि सहज, अगदी सहज म्हणाले, "लर्निंगवर एकट्याने नाही ना चालवली कधी?"

असं सगळ्यांनाच विचारतात. सगळेच नाही म्हणतात. माझे सगळे शिष्य नाही म्हणून बाहेर पडलेत. मी याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि हात गळ्याकडे गेला.

"एकदा," तो म्हणाला. "देवळ्याला."

साहेबांचं पेन थांबलं. वाईट त्यांनाही वाटलं असावं. "अहो," ते म्हणाले, "चार माणसांसमोर सांगितलंत आता. मी सही कशी करू?" मी मध्ये पडलो, भाषेचा गोंधळ झाला म्हणालो, याला प्रश्न कळला नाही म्हणालो. हा शेजारी उभा राहून स्पष्ट मराठीत म्हणाला, "कळला, साहेब."

पुढची तारीख मिळाली ती लाल कांदा सुरू झाल्यानंतरची.

परतीच्या वाटेवर मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या पोरीचं नाव घेऊन बोललो. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मग म्हणाला, "दादा, बोललो तवा काय वाटलं नाय. आता लय वाटतंय." डोळे पुसायलाही हात वर केला नाही त्याने.

"मग बोललास कशाला?"

"विचारलं ना त्यांनी," तो म्हणाला.

महिन्याच्या आत तो गेला. मुंबईला विमानतळावर मीच सोडायला गेलो. अक्काने दिलेला चिवड्याचा डबा त्याने वाटभर मांडीवर धरला होता. रस्त्यात तो खाली ठेव म्हटलं तरी ठेवला नाही. पोरीचा फोन तो तिकडूनही काही दिवस जोडून देत राहिला. मग इजिप्तला त्याच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि तोही कमी झाला. द्वारकेचा हवालदार अजून कधी मला अडवतो आणि लंकेवाले कुठे दिसत नाहीत म्हणून विचारतो. बदली झाली, मी सांगतो. त्याचा चेहरा उतरतो.

कंपनीचा दुसरा माणूस आलाय. तोही लंकेचा, तोही माझ्याकडेच आला. हुशार आहे. काय बोलायचं, काय गिळायचं, एकदा सांगितलं की कळतं. साहेबांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा हा हसून नाही म्हणाला आणि लायसन्स घेऊन बाहेर आला. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, मला काडीचा त्रास झाला नाही.

परवा तो घरी पेढे घेऊन आला. जाता जाता जिन्याकडे बघून म्हणाला, वरची खोली रिकामी आहे असं ऐकलं, मला मिळेल का?

"नाही हो," मी म्हणालो. "ती दिलीय. माणसं यायचीयत राहायला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "लहान मुलगी आहे त्यांच्याबरोबर."