खाणीच्या तळाला चिखल

आमच्या बांधापलीकडची कोळशाची खाण बंद झाली. साहेब, मजूर, इंजिन सगळं निघून गेलं. मागं उरला एक उघडा खड्डा. पावसाळ्यात त्यात तांबूस, आंबट पाणी साचलं आणि झिरपत झिरपत आमच्या विहिरीत उतरलं. विहीर एकच, नदी कोसभर लांब.

बायकोनं साफ सांगितलं, "अजी, औंदाही पाणी नासलं तं मी लेकरं घेऊन भावाकडं एटापल्लीले चालली."

"आन् मी?"

"तुमाले बांधाले त्याच्याकडं गोठा नाई."

बोडी हे आमचं शेततळं; तिचा तळ आम्ही चिकणमाती तुडवून पक्का करतो, म्हणजे धानाचं पाणी जिरत नाही. खड्ड्यालाही तसंच अस्तर द्यायचं ठरलं. घाण तिथंच कोंडून राहील. वैशाखात खड्डा आटताच गाड्या भरभरून माती ओतली, थोडं पाणी शिंपलं आणि तुडवायला आमचे हेले, ते औताचे रेडे, आत घातले. हेल्यांना चिखल एवढा मानवला की ते लोळायलाच लागले. उठवायला गेलो, तर मीही पसरलो.

"तुमची हौस फिटली असन तं बाहेर या," बायको काठावरून म्हणाली. हसली नाही.

अस्तर झालं झकास. पण चार दिवसांच्या उन्हानं त्याला बोटभर रुंद भेगा पडल्या. ओलं ठेवावं तर विहिरीनं तळ गाठलेला. लेकरांना पाजायचं की मातीला? शेवटी भांडी घासायला राखेवर आलो आणि वाचलेलं पाणी खड्ड्यात नेलं. ओल टिकावी म्हणून वरून धानाची तणीस पसरली. ती हेल्यांची वैरण. हेले माझ्याकडं असे बघत, की मी नजर चुकवून गोठ्यात शिरायचो.

एका सकाळी पाहतो तर गावची मोकाट गुरं खड्ड्यात! तणीस फस्त, आणि अस्तरात खुरांची भोकंच भोकं. मी काठावर मटकन बसलो.

"रडून राह्यले का जी?" बायकोनं मागून विचारलं.

"नाई, घाम आहे."

"मंग तो मातीत पडू द्या," म्हणत ती खाली उतरली. दोघांनी टाचांनी एकेक भोक बुजवलं. ढग दाटेपर्यंत तेच केलं.

पावसाळाभर ती रोज विहिरीच्या पाण्याची पहिली ओंजळ चाखायची. मी तिचं तोंड बघत उभा. श्रावणात एकदा तोंड वाकडं झालं.

"आंबट हाय," ती म्हणाली, "पण मागल्या साली थुकलं होतं, औंदा गिळलं."

"म्हणजे जात नाईस?"

"आता खड्डा आटू द्या. मंग माती आना. या खेपेले दुप्पट जाड तुडवू."