गंगारामची काठी आणि रामाचा गडगा

राजापूरला जुना ट्रॅक्टर बघायला जाताना लोक सोबत मेकॅनिक नेतात. गंगारामने काठी नेली. शेताकडे जाणारी पाणंद दोन दगडी गडग्यांच्या मध्ये जिथे सगळ्यात अरुंद होती, तिथे आडवी धरून ती त्याने कापली होती. ट्रॅक्टर काठीत बसला तर घ्यायचा, नाहीतर परतीची एसटी. कंडक्टरने काठीचंही तिकीट काढू का म्हणून विचारलं, तरी गडी हसला नाही.

हसणार कसा? बैल विकल्यापासून दोन वर्षं त्याची भातलावणी दुसऱ्याच्या पॉवर टिलरवर अवलंबून होती, आणि टिलरवाला उगवायचा तो सगळ्या गावाचं आटोपल्यावर. पाणंद रुंद करावी, तर एका बाजूचा गडगा चुलतभाऊ रामाचा. बांधावरच्या फणसावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. रामाने त्यातला एक चिराही हलवू देणं शक्य नव्हतं.

युसुफच्या गॅरेजात लहानसा लाल ट्रॅक्टर उभा होता. गंगारामने इंजिनाकडे ढुंकूनही न बघता चाकांवर काठी धरली. चार बोटं जागा उरली.

"गंगारामभाऊ, लोक दात बघून बैल घेतात. तुम्ही शिंगं मोजून घेताय," युसुफ म्हणाला.

मग त्याने इंजिन सुरू केलं आणि गंगारामचा चेहरा असा फुलला, की भावात घासाघीस करायची सोयच उरली नाही. युसुफने माती भुसभुशीत करणारा रोटावेटरही त्याच सौद्यात मागे जोडून दिला, मैदानात तासभर चालवायला शिकवलं आणि टेम्पोत घालून ट्रॅक्टर गावच्या रस्त्यावर आणून उतरवला.

बायको चिमा नारळ घेऊन उभी होती. नारळ फुटला, गंगाराम ऐटीत वर चढला. पाणंदीत चाकं अलगद शिरली. रामाच्या पडवीसमोर त्याने गरज नसताना दोनदा हॉर्न मारला. आणि तेवढ्यात मागे खर्रकन आवाज होऊन ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. रोटावेटर चाकांपेक्षा वीतभर रुंद होता. तो रामाच्या गडग्यात रुतला होता.

"पुढचं मोजलंत," चिमा शांतपणे म्हणाली, "मागचं कोण मोजणार होतं?"

पुढे जाता येईना, मागे येता येईना. तेवढ्यात रामा पहार घेऊन पडवीतून उतरला. पहार नेमकी कशासाठी, या विचाराने गंगारामने स्टिअरिंग घट्ट धरलं. रामाने रोटावेटर बघितला, गडगा बघितला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बैलाच्या पाठीवर टाकावी तशी थाप टाकली. मग पहार घालून चिरा उचकटला. दुसरा. तिसऱ्याला गंगाराम खाली उतरला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

वाट मोकळी झाल्यावर रामाने घाम पुसला. "आदी माजा भाताचा कुणगा नांगरायचा. मग तुजा."

गंगारामला सहा वर्षांचं बरंच काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "बस मडगार्डवर."

रामा बसला. शेत येईपर्यंत हॉर्न मात्र तोच वाजवत होता.